'मुलांनी समान वाटून घ्यावे'

माझ्या एका मामांनी १९९१ साली आपले मृत्युपत्र लिहिले. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी ते माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते आणि तीस वर्षे त्यांनी मराठी व्याकरण शिकविले होते. वकिलाचे साह्य घ्यावे असे त्यांना वाटले नाही. निदान भाषेच्या बाबतीत तसे वाटण्याचे काही कारणही नव्हते. फुलस्केप कागदाच्या दोन पृष्ठांवर, वळणदार अक्षरात, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी त्यांनी आपल्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था लावली. त्यातील कळीचे वाक्य असे होते : 'माझ्या पश्चात राहत्या घराचा उपभोग सौ.ने हयातीपर्यंत घ्यावा व तिच्या पश्चात मुलांनी ते समान वाटून घ्यावे.'

मामा १९९८ मध्ये गेले, मामी २००९ मध्ये. मागे दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. २०१० मध्ये दावा दाखल झाला. मृत्युपत्र खरे की खोटे, सही कोणाची, लिहिताना मन ठिकाणावर होते की नाही, यांपैकी कशाबद्दलही वाद नव्हता. वाद एकाच शब्दाचा होता. 'मुलांनी' म्हणजे कोणी?

हा प्रश्न ज्याला क्षुल्लक वाटेल त्याने आपली भाषा जरा निरखून पाहावी. 'मूल' या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन 'मुले'. त्यात मुलगा आणि मुलगी दोघेही येतात. 'मुलगा' या शब्दाचे शुद्ध अनेकवचन 'मुलगे'. परंतु आपण 'मुलांची शाळा' आणि 'मुलींची शाळा' म्हणतो, 'मुले व मुली' असे सर्रास लिहितो, आणि तेथे 'मुले' म्हणजे केवळ मुलगे असतात. व्याकरण एक सांगते आणि व्यवहार दुसरे. 'नातू' या शब्दाचेही तेच. संस्कृतात पौत्र आणि दौहित्र वेगळे, मराठीत दोघेही नातूच. 'भाऊ' म्हटले की चुलतभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ सगळेच ओळीने उभे राहतात. 'घर' म्हणजे पुण्यातील सदनिका की गावाकडील चौसोपी वाडा? 'घरातील सर्व चीजवस्तू' यात कपाटातील सोने येते काय, आणि त्याच कपाटातील ठेवपावत्या? 'जो माझा सांभाळ करील त्याला घर मिळावे' हे वाक्य तर मी किमान तीन मृत्युपत्रांत पाहिले आहे. सांभाळ कोणी केला? दरमहा पैसे पाठविणाऱ्याने, की रात्री अपरात्री डॉक्टरला बोलावणाऱ्याने? संयुक्त कुटुंबात हे शब्द सैल राहिले तरी भागत असे, कारण वाटणीचा प्रसंगच क्वचित येई. आता प्रत्येक शब्दावर लाखो रुपयांचे ओझे आहे.

न्यायालये अशा वेळी काय करतात? सर्वसामान्य समज असा की, न्यायाधीश मृताच्या मनात काय होते ते शोधतात. वस्तुतः तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने, त्या न्यायालयाच्या अगदी प्रारंभीच्या काळात, न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांच्या निर्णयाद्वारे जे सूत्र पक्के केले ते असे की, मृत्युपत्रकर्त्याचा हेतू त्याने वापरलेल्या शब्दांतूनच काढावयाचा. मात्र ते शब्द वाचताना त्याची परिस्थिती, कुटुंबातील नाती, अमुक शब्द अमुक अर्थाने तो वापरण्याचा संभव या सर्वांचे भान ठेवावयाचे. त्याला काय म्हणायचे होते हा प्रश्न नसून, त्याने जे म्हटले त्याचा त्याच्या लेखी अर्थ काय, हा प्रश्न आहे. इंग्रज न्यायाधीशांनी यासाठी एक घरगुती प्रतिमा वापरली : न्यायालयाने मृत्युपत्रकर्त्याच्या आरामखुर्चीत जाऊन बसावे. प्रिव्ही कौन्सिलमार्फत ती खुर्ची आपल्याकडे आली आणि अजूनही आपल्या निकालपत्रांतून ती हलविली जाते. (माझ्या मामांची खरी आरामखुर्ची ही वादग्रस्त जंगम मालमत्तेच्या यादीत सतरावी आहे.)

या खुर्चीची गरज इंग्लंडमध्ये कशी पडली याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १९०६ च्या एका खटल्यात मृत्युपत्रात अवघे तीन शब्द होते : सर्व काही आईला. गृहस्थ आपल्या बायकोला, मुलांच्या तोंडचा शब्द उचलून, 'मदर' म्हणत असे. न्यायालयाने ते पाहिले आणि मालमत्ता पत्नीला दिली. ज्या समाजात बायकोला नावाने हाक मारण्याऐवजी 'बंड्याची आई' म्हणण्यात पिढ्या गेल्या, त्याला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरे उदाहरण १९४३ चे. एका बाईने आपला सर्व 'मनी', म्हणजे पैसा, भाचे-पुतण्यांना दिला होता. तिची संपत्ती मात्र बहुतांशी रोख्यांत गुंतविलेली होती. जुन्या निवाड्यांप्रमाणे 'पैसा' म्हणजे रोकड. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो ठरीव अर्थ सोडून दिला आणि गुंतवणूकही त्यात येते असे ठरविले. त्या वेळी लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी एक जुना विनोद आठवून सांगितला : चुकीचा अर्थ लावणाऱ्या न्यायाधीशांची वाट पाहत असंतुष्ट मृतांची भुते वैतरणीच्या पैलतीरावर ताटकळत उभी असतात, या निकालाने त्यांची संख्या बरीच कमी होईल. (नदीचे त्यांनी घेतलेले नाव ग्रीक होते, परंतु आपली वैतरणी चालण्यासारखी आहे.)

आपल्याकडील कायदा म्हणजे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम. मृत्युपत्राच्या अर्थनिर्णयाचे त्याचे नियम बव्हंशी १८६५ च्या कायद्यातून आलेले आहेत आणि १ जानेवारी १९२७ पासून केलेल्या सर्व हिंदू मृत्युपत्रांना ते लागू आहेत. मुसलमानांच्या मृत्युपत्रांना त्यांचा स्वतंत्र कायदा आहे. कलम ७४ मोठे उदार आहे : तांत्रिक शब्दांची गरज नाही, हेतू कळला म्हणजे झाले. पुढील कलमांतील उदाहरणे वाचताना तर एखादी जुनी कौटुंबिक कादंबरी वाचत असल्याचा भास होतो. भाऊ जॉन याचा दुसरा मुलगा थॉमस याला देणगी दिली. पण जॉनच्या दुसऱ्या मुलाचे नाव विल्यम. देणगी विल्यमला मिळेल, कारण नाव चुकले तरी माणूस कळतो. एका मुलीला 'पाचशे रुपये' आणि दुसरीला नुसते 'पाचशे' लिहिले, तर दुसरीलाही रुपयेच समजावयाचे. मात्र 'पैसे, गहू, तेल वगैरे देतो' असे किती ते न सांगता लिहिले, तर ते देणे कलम ८९ प्रमाणे अनिश्चिततेमुळे व्यर्थ. संपूर्ण मृत्युपत्र एकत्र वाचावे (कलम ८२), तोच शब्द दोन ठिकाणी आला तर विरुद्ध दिसत नसल्यास एकाच अर्थाने आला असे धरावे (कलम ८६), दोन कलमांचा मेळच बसत नसेल तर शेवटचे मानावे (कलम ८८). खरेदीखतासारख्या दस्तात नेमके उलटे : तेथे आधीचे कलम वरचढ. जिवंत माणसाने एकदा दिलेले परत घेता येत नाही, मरणारा मात्र शेवटच्या ओळीपर्यंत विचार बदलू शकतो, असा त्यामागील तर्क आहे.

मामांच्या कागदावर हेच नियम चालले. मृत्युपत्रात अन्यत्र त्यांनी लिहिले होते की, मुलीचे लग्न यथाशक्ति करून दिले आहे व तिच्याविषयीचे कर्तव्य पार पडले आहे. कनिष्ठ न्यायालयाने २०१७ मध्ये या वाक्यावर भिस्त ठेवून 'मुलांनी' म्हणजे मुलग्यांनी असा अर्थ केला. अपिलात २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाची दृष्टी पहिल्याच ओळीकडे गेली. तेथे मामांनी लिहिले होते, 'मला तीन मुले आहेत.' तीन म्हणताना त्यांनी मुलीला धरलेच होते. मग चौदा ओळींनंतर तोच शब्द त्यांनी दुसऱ्या अर्थाने वापरला असे का मानावे? मुलगी जिंकली. मला स्वतःला हा दुसरा निकाल पटतो. व्याकरणाच्या शिक्षकाच्या बाबतीत तर अधिकच पटतो. परंतु पहिला निकाल वेडगळ होता असे मी म्हणणार नाही. आरामखुर्ची तीच होती. तिच्यात बसणारे दोघे होते.

आणि येथेच खरी अडचण सुरू होते. खुर्चीत बसणारा न्यायाधीश मृताचे शब्द वाचतो खरा. पण मोकळ्या जागा भरताना तो 'सामान्य माणसाला काय वाटते' याचा आधार घेतो. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने म्हटले होते की, हिंदूच्या मृत्युपत्राचा अर्थ लावताना हिंदूंच्या सर्वसाधारण कल्पना व इच्छा विचारात घेणे गैर नाही. आणि त्या कल्पनांत, वडिलार्जित मिळकत कुटुंबात राहावी आणि स्त्रीला पूर्ण मालकी नसावी, ही प्रमुख होती. एका मृताच्या इच्छेचा शोध घेता घेता संपूर्ण समाजाचा कल त्याच्या माथी मारला जातो तो असा. पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, 'मालक' हा शब्द स्त्रीच्या बाबतीत वापरला असला तरी, विरुद्ध संदर्भ नसेल तर, त्याचा अर्थ पूर्ण मालक असाच होतो. तरीही त्या जुन्या गृहीतकाची सावली कोर्टकचेऱ्यांतून पुरती हटलेली नाही. मामांच्या खटल्यात मुलग्यांच्या वकिलांनी जो युक्तिवाद केला त्याचे सार एवढेच होते की, आमच्या गावात घर मुलीला देत नाहीत.

सर्वांत अधिक गुंता झाला आहे तो पत्नीच्या हक्काविषयी. 'पत्नीने हयातीपर्यंत उपभोगावे, नंतर मुलांना' हा आपल्या मृत्युपत्रांचा जणू पाठ मजकूर. आता १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ (१) प्रमाणे हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मिळकत ही तिच्या पूर्ण मालकीची होते. पोटकलम (२) प्रमाणे मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल तर ती मर्यादा टिकते. १९७७ च्या तुळसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मिळकत पोटगीच्या पूर्वापार हक्कापोटी मिळाली असेल तर दस्तात मर्यादा लिहिली असली तरीही ती स्त्री पूर्ण मालक होते. पत्नीला पोटगीचा हक्क असतोच. मग पतीच्या मृत्युपत्रातील प्रत्येक 'हयातीपर्यंत' पुसले गेले काय? २००६ मध्ये, पत्नीला गहाण-विक्रीचा हक्क नाकारून नंतर पुतण्यांना मिळकत देणाऱ्या मृत्युपत्रात, न्यायालयाने मर्यादा उचलून धरली. २०२२ मध्येही पत्नीच्या तहहयात हक्काबाबत तोच कल दिसला. उलट २००२ मध्ये पत्नीला आधी निर्वेध मालकी देऊन नंतर तीच मिळकत मुलींच्या मुलांना देण्याचा मृताचा प्रयत्न न्यायालयाने रद्द ठरविला : एकदा संपूर्ण दिले म्हणजे देण्यास काही उरत नाही. मग 'शेवटचे कलम खरे' या नियमाचे काय झाले, असे सामान्य वाचक विचारील. त्याला उत्तर आहे, पण ते ऐकण्यासाठी चांगल्या वकिलाची फी द्यावी लागते. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, कलम १४ च्या दोन पोटकलमांविषयी निवाड्यांत एकवाक्यता नाही हे मान्य करून, प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास सांगितले. कायदा १९५६ चा. म्हणजे एका विधवेने राहते घर विकावे की विकू नये हे तिला खात्रीने सांगता यावे, यासाठी अडुसष्ट वर्षे अपुरी पडली!

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला या अनिश्चिततेची किंमत दिसते. मामांच्या घराची मागची पडवी २०१३ च्या पावसात कोसळली. दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा हे ठरेना म्हणून आजही ती तशीच आहे. दावा चालू असलेल्या जागेला बँक कर्ज देत नाही, शहाणा खरीददार तिच्याकडे फिरकत नाही, आणि भाडेकरू भाडे कोणाला द्यावे याचे निमित्त करून कोणालाच देत नाही. मिळकत जागेवर असते, पण भांडवल म्हणून ती मृत झालेली असते. त्यात आणखी एक खर्च असा की, मृत्युपत्राचा प्रमाणलेख, ज्याला आपण 'प्रोबेट' म्हणतो, तो देणारे न्यायालय फक्त मृत्युपत्र खरे आहे की नाही एवढेच पाहते. मिळकतीची मालकी ते ठरवीत नाही. त्यासाठी पुन्हा वेगळा दावा. नोंदणीनेही भागत नाही. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, त्याला मुद्रांक लागत नाही, आणि नोंदणी करणारा अधिकारी सही पाहतो, अर्थ पाहत नाही.

गंमत अशी की, मामांनी मृत्युपत्र लिहिलेच नसते तर हा वाद उद्भवलाच नसता. १९५६ च्या कायद्याने पत्नी, दोन मुलगे व मुलगी यांना समान हिस्से मिळाले असते आणि मामींच्या पश्चात तिघांचे तीन वाटे सरळ झाले असते. संदिग्ध मृत्युपत्र हे मृत्युपत्र नसण्यापेक्षा वाईट, हे आपल्या मध्यमवर्गाच्या ध्यानात येत नाही. मृत्युपत्र केले म्हणजे जबाबदारी संपली, असा त्याचा समज आहे. काही जण तर सोसायटीच्या अर्जावर 'नॉमिनी' लिहून स्वस्थ बसतात. विमा असो वा शेअर, नॉमिनी हा मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुक्रमे १९८३ मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले असतानाही. गोव्यात पोर्तुगीज परंपरेच्या कायद्याने निम्मी मिळकत मुलाबाळांसाठी राखीव असते आणि जाहीर मृत्युपत्र नोटरीसमोर होते. त्यामुळे तेथे शब्दांवरील जुगार निदान अर्ध्या मिळकतीपुरताच राहतो. आपल्याकडे हिंदूला स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने कोणालाही देण्याची पूर्ण मोकळीक आहे. ही मोकळीक असावी की नाही हा वेगळा वाद आहे. परंतु मुलींना १९५६ च्या कायद्याने जो हक्क मिळाला तो मृत्युपत्राच्या वाटेने हिरावला जाऊ शकतो, आणि कधी कधी केवळ एका शब्दाच्या सैलपणानेही हिरावला जातो, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

माझी सूचना कलम ८०-८१ यांच्याविषयी आहे. कायदा संदिग्धतेचे दोन प्रकार मानतो. शब्द वरवर स्पष्ट आहेत, पण प्रत्यक्षात दोन व्यक्तींना वा वस्तूंना लागू पडतात (चुलत बहीण मेरी म्हटले, आणि त्या नावाच्या दोन निघाल्या), तर मृताचा हेतू दाखविणारा बाहेरचा पुरावा चालतो. संदिग्धता कागदावरच दिसत असेल तर मात्र तो चालत नाही. मामांचे स्नेही असलेले एक निवृत्त पोस्टमास्तर सांगावयास तयार होते की, मामा त्यांच्यापाशी मुलीच्या वाट्याविषयी काय बोलले. त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात घ्यावे काय, यावर, म्हणजे 'मुलांनी' ही उघड संदिग्धता की सुप्त, यावर तीन तारखा गेल्या. न्यायालयाने ती उघड ठरविली. पोस्टमास्तर घरी गेले आणि दोन वर्षांनी वारले.

या नियमामागे विचार आहे हे मी नाकारीत नाही. मृत माणूस साक्षीदाराला खोटे पाडण्यास येऊ शकत नाही. तोंडी पुराव्याला दार उघडले की लिखित मृत्युपत्राचे महत्त्व काय उरले? पण आपली न्यायालये रोज तोंडी साक्षी तोलतात, खुनाच्या खटल्यात तोलतात, आणि मृत्युपत्र खरे की खोटे हे ठरवितानाही तोलतात. मग अर्थ ठरवितानाच त्यांच्यावर अविश्वास का? ज्या इंग्लंडकडून आपण हा नियम घेतला त्याने १९८२ च्या कायद्याने तो सैल केला. शब्द निरर्थक असोत, कागदावरच संदिग्ध असोत, की परिस्थितीच्या प्रकाशात संदिग्ध ठरोत, मृताच्या हेतूचा बाह्य पुरावा आता तेथे घेता येतो. आणि लेखनिकाच्या चुकीमुळे वा सूचना समजण्यात झालेल्या घोटाळ्यामुळे मृत्युपत्र हेतूला सोडून गेले असेल तर न्यायालय ते दुरुस्तही करू शकते. आपण मात्र १८६५ च्या मेरी व कॅरोलाइन यांच्यापाशीच थांबलो आहोत. संसदेला यासाठी फार मोठा कायदा करावा लागणार नाही. दोन कलमांची दुरुस्ती पुरेल. त्याच्या जोडीला, नोंदणी कार्यालयात मराठीतील एक साधा नमुना ठेवावा, ज्यात 'मुले' या शब्दापुढे नावे लिहिण्यासाठी रेघा आखलेल्या असतील. यास खर्च काही नाही.

मुलग्यांनी २०२४ मध्ये उच्च न्यायालयात दुसरे अपील केले. तेथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याखेरीज अपील दाखल होत नाही. 'मुलांनी' या शब्दाचा अर्थ हा तसा प्रश्न ठरला आणि अपील दाखल झाले. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून मृत्युपत्राचे भाषांतर करणे आले. भाषांतरकारापुढे पेच पडला. 'चिल्ड्रेन' लिहावे तर मुलगी जिंकली, 'सन्स' लिहावे तर मुलगे. शेवटी त्याने तो शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा ठेवला आणि खाली टीप दिली की, या शब्दाचा अर्थ वादग्रस्त आहे.